चार सीटच्या विमानात हॅम रेडिओ: प्रकल्प नोंदी

7 जानेवारी 2024

शेवटी एकदाचा मित्र हो म्हणाला. त्याची एका जुन्या चार सीटच्या हाय-विंग विमानात भागीदारी आहे, मी शेजारी बसून बऱ्याचदा वर गेलोय आणि दरवेळी डोक्यात एकच किडा वळवळतो, की खाली आपण अँटेना अजून दोन मीटर वर चढवायला जिवाचा आटापिटा करतो आणि इथं दीड किलोमीटर उंचीचा टॉवर आयता मिळतोय, तर त्यावर हँडी, म्हणजे हातातला छोटा हॅम (हौशी) रेडिओ, का चालवू नये. तो दरवेळी "बघू" म्हणायचा. पायलटचं "बघू" म्हणजे नाही असतं हे मला फार उशिरा कळलं.

आज हो म्हणाला पण अटी घालून. विमानाला कायमचं काहीही लावायचं नाही, एक स्क्रू नाही एक वायर नाही, विमानाच्या विजेवर काही चालवायचं नाही, आणि फक्त स्वच्छ हवेत बाहेर बघून उडत असू तेव्हाच. टॅक्सी (जमिनीवर सरकणं), टेकऑफ, लँडिंग आणि तो कंट्रोलरशी बोलत असेल तेव्हा माझा सेट गप्प. तो "बंद" म्हणाला की माझं वाक्य अर्धं असलं तरी बंद. मी म्हटलं अरे हे बरंचसं नियमातच आहे, तर म्हणाला नियमात नसतं तरी हेच सांगितलं असतं.

नियम देशागणिक वेगळे आहेत, ज्यानं त्यानं आपलं लायसन्स आधी नीट वाचावं, ब्रिटनमध्ये तर कित्येक वर्षं हॅम लायसन्सवर विमानातून ट्रान्समिट करायलाच बंदी होती. मी मोजपट्टी म्हणून अमेरिकेचा हॅम नियम 97.11 समोर ठेवलाय कारण तो छोटा आहे आणि सरळ आहे. विमानातल्या हॅम स्टेशनला पायलट-इन-कमांडची परवानगी लागते, स्टेशन विमानाच्या बाकी रेडिओ यंत्रणेपासून वेगळं आणि स्वतंत्र पाहिजे, त्या यंत्रणेत त्याचा व्यत्यय येता कामा नये, आणि आयएफआरमध्ये, म्हणजे काट्यांच्या भरवशावर उडताना, विमानाच्या नियमांत बसतं हे ठरल्याशिवाय चालवायचं नाही. "वेगळं आणि स्वतंत्र" हे शब्द कागदावर मोठ्यानं लिहून टेबलासमोर चिकटवलेत.

13 जानेवारी

आज फक्त गणित. रेडिओ क्षितिजाचं सोपं सूत्र, किलोमीटरमधलं अंतर म्हणजे मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला 4.12 नं गुणायचं. आम्ही साधारण 4500 फुटांवर असतो म्हणजे 1370 मीटर, उत्तर येतं 152 किलोमीटर. समोरच्याचा अँटेना जमिनीपासून 10 मीटरवर असला तर त्याचे 13 अजून, म्हणजे 165 धरा. खाली रस्त्यावर उभं राहून हँडीवर 8-10 किलोमीटर मिळाले तरी लोक खूश होतात.

मग पॉवर किती लागेल. 145 मेगाहर्ट्झवर 150 किलोमीटरला मोकळ्या हवेतला लॉस 119 डीबी (सिग्नलची घटवाढ मोजायचं माप) येतो. अर्धा वॅट म्हणजे 27 डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत), समोर पोचतात उणे 92, आणि बऱ्यापैकी एफएम रिसीव्हर उणे 120 च्या आसपासही ऐकतो. म्हणजे 28 डीबी खिशात शिल्लक. त्यातले 15 खिडकीनं आणि रबर डकनं (हँडीच्या आखूड रबरी अँटेनानं) खाल्ले तरी आवाज स्वच्छ जायला हवा. मी सगळ्यांना 5 वॅटची हँडी नेणार म्हणून सांगत होतो, ती 5 वॅट आता कशाला पाहिजेत हा प्रश्नच आहे. 5 वॅट आणि अर्ध्यात फरक फक्त 10 डीबीचा, पण केबिनच्या आतल्या वायरींना तो फरक चांगलाच जाणवणार.

20 जानेवारी

हँगरमध्ये इंजिन बंद ठेवून बसलो. धातूची केबिन म्हणजे डबाच, आत बसून सिग्नल बाहेर जातो तो खिडक्यांतूनच. आमच्या बाजूच्या खिडकीची उंची जेमतेम अर्धा मीटर, 2 मीटर बँडला ती पाव तरंगलांबी झाली, म्हणून अँटेना सीटच्या मध्यावर असला की बाहेर ठेवलेल्या रिसीव्हरवर सिग्नल पार पडतो आणि काचेपाशी नेला की उठतो. 70 सेंटीमीटर बँडवर तीच खिडकी ऐसपैस वाटते. नॅनो व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून बघितलं तर रबर डकचा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळतो त्याचा आकडा) मी मान वळवली तरी बदलतो. शेवटी हँडीच्या बॉडीला 49 सेंटीमीटरची एक लोंबती वायर जोडली, टायगर टेल म्हणतात ती, आणि आकडे जरा शहाण्यासारखे वागायला लागले. मॅगमाउंटचा (चुंबकानं चिकटणाऱ्या अँटेनाचा) विषयच नाही, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही.

चुंबकावरून आठवलं. स्पीकर-माइक सवयीनं डॅशच्या कडेला अडकवला, आणि मित्र नुसता बघत बसला, काही बोलेना. मग बोटानं वर दाखवलं. विंडशील्डच्या मधोमध टांगलेला कंपास, जो मघाशी 240 दाखवत होता, तो 265 ला जाऊन बसला होता. स्पीकर-माइक हातात घेऊन लांब नेला की कार्ड डोलत डोलत परत 240 ला येतं, जवळ आणला की पुन्हा पळतं. रेडिओ बंद होता! बॅटरीसुद्धा लावलेली नव्हती! आरएफ (रेडिओ लहरी), हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल), शील्डिंग सगळ्याचा विचार करून आलो होतो आणि पहिला गोंधळ घातला स्पीकरच्या मागच्या चुंबकानं. स्पीकर-माइक बाद. इअरफोनचं चुंबक बारकं असतं, तो कानाशी असताना कंपास हलत नाही हे तिथंच बघून घेतलं.

28 जानेवारी

इंजिन चालू करून जमिनीवर टेस्ट. विमान मोकळ्यात आणून चाकाला अडसर लावून, मित्र ब्रेकवर, मी मागच्या सीटवर कागद घेऊन. कागदावर आडव्या रांगेत विमानातली यंत्रं आणि उभ्या रांगेत माझे प्रयोग, एकेक चौकोन भरत जायचा. दोन्ही कॉम (कंट्रोलरशी बोलायचे) रेडिओ, व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ यंत्र), जीपीएस, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा), इंधनाचे काटे, तेलाचं तापमान, इंजिन मॉनिटर, इंटरकॉम. फ्रिक्वेन्सींचा हिशोब आधी करून ठेवला होता. व्हीओआर 108 ते 117.95, त्याच्यावर बोलण्याचा एअरबँड 137 मेगाहर्ट्झपर्यंत, ग्लाइडस्लोप (उतरताना उतार दाखवणारा) 329 ते 335, ट्रान्सपॉन्डर 1030 आणि 1090, जीपीएस 1575.42. 145 ची दुप्पट 290, तिप्पट 435, कुठंच धडकत नाही. गंमत म्हणजे जीपीएसवर खरी नजर विमानाच्या स्वतःच्या रेडिओवर ठेवावी लागते, 131.275 ची 12 वी हार्मोनिक 1575.3 येते, जीपीएस बसवताना त्या आसपासचे चॅनल मुद्दाम दाबून बघतात. आपल्या 2 मीटरची 11 वी 1584 च्या पुढं पडते, बाजूनं निघून जाते.

5 वॅटला पीटीटी (बोलायचं बटण) दाबला आणि मागच्या खिडकीपासून हातभरावर असलेल्या उजव्या टाकीच्या इंधनाचा काटा पाव टाकीनं चढला. सोडला की उतरला. मित्र म्हणाला वा, पेट्रोल पण बनवतोस. इंजिन मॉनिटरवर तीन नंबरच्या सिलिंडरचं तापमान पण उड्या मारत होतं, सेन्सरच्या लांब वायरी अँटेनाचं काम करतात, मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये आपला आरएफ शिरला की यंत्राला काय कळणार. अर्ध्या वॅटला काटा हलला नाही, मॉनिटर शांत. 13 तारखेचं गणित आणि आजचा काटा एकच सांगतायत. हँडीच्या मेनूत पॉवर लो वर लॉक केली आणि वर टेप मारला.

मग कॉम एक वर खरखर. मी काहीच दाबलेलं नाही. अर्धा तास हँडीलाच दोष देत बसलो, आणि निघाला कोण तर मोबाइलसाठी लायटर सॉकेटमध्ये खुपसलेला यूएसबी चार्जर. तो उपटला की स्क्वेल्च (सिग्नल आला की उघडणारा आवाजाचा दरवाजा) गप्प. तो तिथं कधीपासून आहे कुणास ठाऊक, म्हणजे इतके दिवस लांबचे सिग्नल दबतच असणार. चार्जर माझा नव्हता हे इथं नमूद करून ठेवतो.

आणि सगळ्यात चक्रावणारं शेवटी. माझी जुनी हँडी 145.500 वर नुसती ऐकत ठेवलेली, मित्र कॉम दोनचे चॅनल एकेक करून बघतोय, 124.100 ला आला आणि स्क्वेल्च उघडला. आवाज काही नाही, खरखर पण नाही, एकदम दाबलेली शांतता. हँडी बंद केली की स्क्वेल्च बंद. चालू केली की उघडा. ट्रान्समिट केलं तर उलट स्क्वेल्च बंद होतो! म्हणजे बोलताना त्रास नाही आणि ऐकताना आहे. रात्री झोप लागायची नाही.

30 जानेवारी

काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्यातले जुने ओएम (जाणते हॅम), व्हॉल्व्हच्या काळापासूनचे, प्रश्न पूर्ण ऐकूनच घेत नाहीत. मी म्हटलं काका ऐकताना त्रास होतो, तर म्हणाले "पहिला आयएफ किती आहे रे तिचा?" मला कुठं पाठ. "मॅन्युअल उघड, वजाबाकी कर, मग फोन कर." ठेवला फोन.

आयएफ म्हणजे रिसीव्हर आत ज्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल खाली आणतो ती. मॅन्युअलमध्ये 21.4 मेगाहर्ट्झ. 145.5 वजा 21.4 म्हणजे 124.1. कपाळावर हात मारला. अशा, म्हणजे सुपरहेट, रिसीव्हरच्या आत एक छोटा ऑसिलेटर सतत चालू असतो, येणाऱ्या सिग्नलशी मिसळून त्याला खाली आणण्यासाठी, आणि त्याचा जरासा अंश अँटेनातून मागं गळतो. नॅनोवॅटच्या हिशोबात, एरवी कुणाला पत्ताही लागत नाही, पण विमानाच्या छतावर दोन मीटरवर एअरबँडचा चांगला संवेदनशील अँटेना बसलाय. ट्रान्समिट करताना तो ऑसिलेटर तिथं नसतो म्हणून शांत. आणि गळती साधी कॅरिअर असते, तिच्यावर बोलणं नसतं, म्हणून ती शांतता.

ही शांतताच वाईट. खरखर आली तर पायलट वैतागतो, शोधतो. शांत कॅरिअर बसला तर लांबचा दुबळा सिग्नल गुपचूप दबतो आणि कुणाला कळत नाही. एअरबँड एएमवर ठेवण्यामागं हा पण एक फायदा आहे, दोघं एकदम बोलले तरी शिट्टी ऐकू येते, कुणीतरी दुसरं पण बोलतंय हे कळतं, एफएममध्ये जोरदार माणूस दुसऱ्याला पुसूनच टाकतो.

घरी दुसऱ्या रिसीव्हरवर पडताळून बघितलं. हँडी 145.000 वर नेली की कॅरिअर 123.600, 146.000 वर नेली की 124.600, सावलीसारखी मागं फिरते. म्हणजे स्कॅन लावून ठेवला असता तर अख्ख्या एक मेगाहर्ट्झभर झाडू फिरवला असता.

काकांना परत फोन केला. खूश झाले, आणि सांगितलं की त्यांच्याकडच्या एका सेटचा पहिला आयएफ 30.85 आहे, वजाबाकी करून बघ. केली. 114.65. सरळ व्हीओआरच्या बँडमध्ये!

4 फेब्रुवारी

दुसरी हँडी उसनी आणली, पहिला आयएफ 45.05. वजाबाकी 100.45, एफएम ब्रॉडकास्टमध्ये पडते, तिथं आमच्या विमानात कुणी ऐकत नाही. बेरीज 190.55, तिथंही काही नाही. परत इंजिन चालू करून सगळे चौकोन भरले, दोन तास गेले, मित्र शेवटी शेवटी जांभया देत होता. कागद स्वच्छ.

10 फेब्रुवारी

आता बोलायचं कसं. केबिनमध्ये इंजिनचा आवाज एवढा असतो की हेडसेट शिवाय स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे हेडसेट तर डोक्यावर हवाच, मग त्याचाच माइक हँडीला का जोडू नये असा माझा बेत.

सोपं नाही ते. विमानाच्या हेडसेटला दोन जाडे पिन, एक ऐकायचा एक बोलायचा, दोघांची जाडी मुद्दाम वेगळी म्हणजे चुकीच्या भोकात जाऊ नये. माइक आतून इलेक्ट्रेट असला तरी जुन्या कार्बन माइकची नक्कल करतो, त्याला 8 ते 16 व्होल्ट बायस (चालण्यासाठीचं व्होल्टेज) लागतो आणि बाहेर देतो शेकड्यात मिलिव्होल्ट. हँडीला हवे असतात काही थोडे मिलिव्होल्ट, आणि तिचा स्वतःचा बायस असतो तीनेक व्होल्टचा. म्हणून डबीत 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहममधून माइकला बायस, पुढं डीसी अडवायला कपॅसिटर, मग सिग्नल बारीक करायला 10 किलोओहम आणि 220 ओहमचा डिव्हायडर. ऐकायच्या बाजूला हेडसेट 300 ओहमचा आणि हँडी 8 ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेली, आवाज बारीक येतो पण व्हॉल्यूम चढवला की भागतं.

डबीवर एक खटका. वर केला की माझा माइक विमानाच्या इंटरकॉमला, खाली केला की हँडीला. दुसऱ्या कानासाठी हेडसेटच्या गादीखाली छोटा इअरफोन. सोल्डरच्या पाच डागांपैकी एक कच्चा निघाला, परत दिला. दिसायला डबी देखणी झालीय, फोटो काढून ठेवलाय. 

17 फेब्रुवारी

ढग खाली. गेलो, बघितलं, परत आलो.

25 फेब्रुवारी

पहिलं उड्डाण! रविवार, हवा काचेसारखी.

4500 फुटांवर सरळ झालो, मित्रानं अंगठा वर केला, मी हँडी चालू केली. आधी दहा मिनिटं नुसतं ऐकलं, 2 मीटरवर जमिनीवरून जी शांतता असते ती इथं नाहीच, प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर दोन-तीन जण एकमेकांवर चढलेले. 433 मेगाहर्ट्झकडं गेलो तर अजून वाईट, रिमोट, सेन्सर, घंटा, कसलं कसलं किरकिर सगळं खालून एकदम वर येतं.

मूर्खपणा इथं लिहून ठेवतो. ओळखीच्या रिपीटरवर (ऐकलेलं परत प्रसारित करणाऱ्या स्टेशनवर) एकदा कॉलसाइन (माझी रेडिओवरची ओळख) देऊन बघितलं. अर्धा वॅट. सोडल्यावर तीन रिपीटरांच्या शेपट्या (बोलणं संपल्यावर क्षणभर उरणारे सिग्नल) एकात एक अडकलेल्या ऐकू आल्या, तिघांची इनपुट फ्रिक्वेन्सी एकच आणि टोनही एकच, जमिनीवर ते एकमेकांना दिसत नाहीत म्हणून तशी वाटणी केलेली असते. मी एका वाक्यात तीन गावांच्या गप्पा मोडल्या. तिथून पुढं रिपीटर बंद, फक्त सिम्प्लेक्स, म्हणजे थेट सेट ते सेट.

145.500 वर कॉल दिला, कॉलसाइनच्या मागं एरोनॉटिकल मोबाइल (म्हणजे विमानातून बोलतोय), आणि दुसऱ्याच हाकेला उत्तर आलं. तिकडचा गृहस्थ दोनदा विचारत होता की पॉवर किती, विश्वास बसेना. डॉप्लरचं, म्हणजे वेगामुळं फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, कुणीतरी विचारलं होतं म्हणून लिहितो, ताशी 216 किलोमीटरनं सरळ त्याच्याकडं उडालो तरी 145 मेगाहर्ट्झवर फरक 29 हर्ट्झ, एफएममध्ये काहीच नाही.

आणि मग ते झालं. तिसरा क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) चालू होता, मी उजवीकडं बघत बोलत होतो, आणि दोन वाजण्याच्या दिशेला, जवळजवळ आमच्याच उंचीवर, एक पांढरं विमान. मी म्हटलं "ट्रॅफिक, उजवीकडं, दोन वाजता." मित्र ढिम्म. परत म्हटलं, जोरात. तो चार्टवर काहीतरी बघतोय. दोन सेकंद लागले कळायला की खटका खाली आहे, माझा माइक हँडीवर आहे, पीटीटी सोडलेला आहे, म्हणजे मी जगात कुणाशीच बोलत नाहीये. खांद्यावर थाप मारून बोट दाखवलं. त्यानं बघितलं, डावीकडं वळवलं, ते विमान बरंच अंतर ठेवून मागून निघून गेलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला "बंद." मी केलं.

उतरल्यावर चहाच्या वेळी पण तो त्याबद्दल काही बोलला नाही, फक्त डबी हातात घेऊन खटका वर-खाली वर-खाली करत बसला. तेवढं पुरे झालं.

26 फेब्रुवारी

टेबलासमोरच्या कागदावर काय लिहिलंय, वेगळं आणि स्वतंत्र. आणि मी डबी करून हॅमचा रेडिओ विमानाच्या इंटरकॉममध्ये घुसवला, वर त्यावर असा खटका लावला जो विसरला की माणूस मुका होतो. सर्किटमध्ये काही चूक नाही, बेतच चुकीचा. स्प्रिंगचा खटका लावू, सोडला की आपोआप इंटरकॉमवर, असं आधी वाटलं, रात्री कागदावर काढलं पण. मग स्प्रिंग तुटली तर, वायर सुटली तर, असे विचार करत करत सकाळ झाली. डबी खोलली, भाग परत खणात.

3 मार्च

उपाय फारच साधा निघाला, लाज वाटते. हेडसेटच्या माइकवर स्पंजची टोपी असते, त्या टोपीखाली अजून एक माइकची गोळी मावते. हेडसेट विमानाला जसा आहे तसाच, हात लावायचा नाही. ही दुसरी गोळी बारीक वायरनं हँडीला, हँडीच्याच बायसवर चालते, 9 व्होल्टची बॅटरी गेली, डिव्हायडर गेला, पिना गेल्या. पीटीटी बोटाला वेल्क्रोनं बांधलेलं बटण. आता मी काहीही बोललो तरी ते मित्राला ऐकू जातंच, पीटीटी दाबलेला असो नसो. विमान आणि माझा सेट यांच्यात तांब्याची एक तारसुद्धा नाही.

पहिली गोळी साधी, चारी बाजूंनी ऐकणारी होती, तिच्यात माझ्यापेक्षा इंजिनच जास्त. हेडसेटच्या माइकला पुढून मागून दोन्हीकडं भोकं असतात, इंजिनचा आवाज दोन्हीकडून सारखा येतो आणि आपला आपण खोडला जातो, ओठाजवळचा आवाज फक्त पुढून जोरात लागतो. तशीच मागून उघडी गोळी आणली. अट एवढीच की ओठाला जवळजवळ टेकली पाहिजे, दोन बोटं लांब गेली की संपलं. घरी मिक्सर चालू करून टेस्ट घेतली, घरच्यांनी त्यावर जे मत दिलं ते नोंदवत नाही.

तोटा एकच, मित्राला माझं सगळं सीक्यू सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) ऐकावं लागणार. त्याच्या इंटरकॉमला पायलट आयसोलेटचं बटण आहे, ते दाबलं की तो माझ्यापासून सुटतो. मी सांगितलं ते दाबायचं नाही. म्हणाला बघू.

10 मार्च

एपीआरएस (हॅम रेडिओवरून आपली जागा कळवायची पद्धत) ट्रॅकर. मी बोलत नसतानाही विमान कुठं आहे ते नकाशावर दिसावं म्हणून. बॉब ब्रुनिंगा यांची ही मूळ कल्पना, ते 2022 मध्ये गेले, आणि त्यांची पद्धत अजून 1200 बॉडवर 1200 आणि 2200 हर्ट्झच्या दोन सुरांत किरकिरत मस्त चालू आहे. फ्रिक्वेन्सी प्रदेशानुसार, युरोपात 144.800, उत्तर अमेरिकेत 144.390.

जीपीएस मॉड्यूल, छोटा मायक्रोकंट्रोलर आणि डीआरए818व्ही हे छोटं रेडिओ मॉड्यूल, अर्धा वॅटवर. या मॉड्यूलचं आउटपुट सरळ अँटेनाला द्यायचं नाही, हार्मोनिक फार असतात, मध्ये लो-पास फिल्टर हवाच. हातानं गुंडाळलेल्या तीन कॉइल, व्हीएनएवर 290 ला 40 डीबीपेक्षा खाली गेला तेव्हा थांबलो. एसएसआयडी (कॉलसाइनमागचा आकडा) 11, तो फुगे आणि विमानांसाठी वापरतात.

पाथ (पॅकेट कुणी पुढं पाठवायचं त्याची सूचना) रिकामा ठेवलाय. गाडीत लोक वाइड1-1, वाइड2-1 घालतात कारण खालून पॅकेटला कुणीतरी पुढं ढकलावं लागतं, वरून मात्र एक पॅकेट डझनभर डिजिपीटर (पॅकेटं पुढं पाठवणारी स्टेशनं) थेट ऐकतात, त्या सगळ्यांनी ते परत ओरडून सांगितलं तर चॅनल तुंबतो. दोन मिनिटांनी एक पॅकेट, तेवढ्यात आम्ही सहा-सात किलोमीटर जातो, पुरे आहे. एक पॅकेट सेकंदाच्या आतच संपतं.

जमिनीवर टेस्टला सगळे चौकोन परत भरले. या वेळी उलटा त्रास, मित्रानं कॉम दाबला की ट्रॅकर हँग. त्याचा एएम आठेक वॅट, माझ्या जीपीएसच्या वायरीत घुसतो. वायर आखूड केली, फेराइटचा मणी घातला, रीसेटच्या पिनवर कपॅसिटर, आणि अडकला तर आपला आपण परत चालू होईल असा वॉचडॉग. बॅटरी हाताशी असलेल्या खिशात, फ्यूज लावून. सामानात मागं टाकायची नाही, लिथियम धुमसायला लागली तर हात पोचला पाहिजे.

17 मार्च

दुसरं उड्डाण, दीड तास. ट्रॅकर मागच्या खिडकीत, हँडी माझ्या मांडीवर पट्ट्यानं बांधलेली, कारण गचका बसला आणि ती सुटून पुढं पायलटच्या रडर पेडलखाली गेली तर पुढचं बोलायलाच नको.

सहा क्यूएसओ, सगळे अर्ध्या वॅटवर, सगळ्यात लांबचा 140 किलोमीटर. एकानं सांगितलं मागं इंजिन ऐकू येतं पण शब्द न् शब्द कळतो. विमान त्याच्याकडं शेपूट करून वळलं की सिग्नल पडतो आणि माझी खिडकी त्याच्या बाजूला आली की परत उठतो, शेवटी मित्रालाच विनंती केली की जरा डावीकडं वळ ना, त्यानं वळवलं, आणि मग पुढच्या प्रत्येक क्यूएसओला स्वतःहून विचारायला लागला "कुठल्या बाजूला पाहिजे?"

मध्येच मी पीटीटी दाबलेला असतानाच खाली एक ग्लायडर दिसलं, तसंच म्हणालो "ग्लायडर, डावीकडं खाली", त्याला लगेच ऐकू गेलं, मान वळली. रेडिओवरच्या माणसाला पण ऐकू गेलं, त्यानं विचारलं "कोण डावीकडं खाली?"

घरी येऊन नकाशा बघितला. 41 पैकी 38 पॅकेटं पोचली, तीन गेली ती उतरताना टेकडीमागं. एक गोष्ट खटकली, अल्टिमीटर 4500 दाखवत असताना ट्रॅकरनं 4770 लिहिलंय. आधी वाटलं जीपीएस बिघडला. नाही, अल्टिमीटर दाबावरून उंची काढतो आणि हवा स्टँडर्डपेक्षा गरम असली की कमी दाखवतो, दर 10 डिग्रीला साधारण 4 टक्के. आज 15 डिग्री जास्त होतं, 6 टक्के म्हणजे 270 फूट, बरोबर बसलं. दोन्ही आपापल्या जागी खरे. पण मित्राला बजावून सांगितलं की माझा आकडा बघून उडायचं नाही, आकाशात सगळे दाबाच्याच उंचीवर एकमेकांपासून अंतर ठेवतात.

24 मार्च

उरलेलं. टायगर टेल दोनदा सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकली, ती खिडकीच्या कडेनं टेप करून न्यायची. उसनी हँडी परत द्यायची आहे, स्वतःची घेताना दुकानात पहिला प्रश्न पहिला आयएफ किती, समोरचा कसाही बघू दे. यूएसबी चार्जर कचऱ्यात टाकला. काका विचारत होते एचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचे, लांब पल्ल्याचे बँड) कधी, मी म्हटलं आमच्या मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा) खडखडाट एएमवर आणि एसएसबीवर काय करेल ते आधी जमिनीवरच ऐकू.

मित्रानं त्याच्या उतरायच्या चेकलिस्टमध्ये मिक्श्चर आणि लाइटच्या मध्ये पेनानं एक ओळ घातलीय, "मागचं सीक्यू बंद". आयसोलेटचं बटण त्यानं एकदाही दाबलं नव्हतं.